हंसणाऱ्याचा वांटा

आपण केलेली थट्टा ही थट्टाच आहे हें समोरच्या माणसास कळावें कसें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. दोन माणसें समोरासमोर बसलीं असतां तो उद्भवतच नाहीं. बोलणाऱ्याचा आवाज, डोळ्यांतील चमक, ओठांच्या कोपऱ्यांत दडविलेलें हंसूं हीं सर्व शब्दांच्या मदतीस धांवून येतात आणि ऐकणाऱ्यास अर्थ समजतो. परंतु माणूस दृष्टिआड होऊन केवळ अक्षरें शिल्लक राहिलीं म्हणजे या प्रश्नास एकदम महत्त्व येतें. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांस तो १९८२ सालीं पडला. तेथील मंडळी संगणकाच्या सूचनाफलकावर आपसांत लिहीत असत. लिफ्ट तुटून खालीं पडूं लागली तर तिच्या आंत ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाचें काय होईल, अशी एक गमतीची चर्चा त्या वेळीं चालली होती. त्या ओघांत एकानें विद्यापीठाच्या लिफ्टमध्यें पारा सांडला असल्याची खोटी सूचना थट्टेनें लिहिली, आणि मागील चर्चा न वाचलेल्या कांहींनीं ती खरी मानली. तेव्हां १९ सप्टेंबर रोजीं स्कॉट फालमन नांवाच्या संशोधकांनीं असें सुचविलें कीं, थट्टेच्या मजकुरापुढें अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस अशीं तीन चिन्हें ओळीनें लिहावीं; मान वांकडी करून पाहिलें असतां तीं हंसऱ्या चेहऱ्यासारखीं दिसतात. आज आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वजण एकमेकांस जीं पिवळीं हंसरीं तोंडें पाठवितात, त्यांच्या घराण्याचा एक मूळपुरुष तो हा.

या लहानशा गोष्टींत आम्हांस एक मोठें तत्त्व दिसतें. जो माणूस आपल्या थट्टेपुढें अशी खूण करतो तो जणूं म्हणत असतो कीं, मी जें बोललों त्यानें तुमची फसगत होऊं नये, एवढी काळजी मला आहे. थट्टेच्या मुळाशीं हा न लिहिलेला करार असतो. ज्याच्याशीं असा करार करण्याची आपली तयारी नाहीं त्याच्याशीं आपण थट्टा करीत नसतों. त्याची कुचेष्टा करीत असतों. चाळीस वर्षांनंतर आज त्याच माध्यमांत समोरच्याची फसगत व्हावी, त्यानें चिडावें, रडावें, आणि तें इतरांनीं पाहून हंसावें, हाच विनोदाचा एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. त्यास 'ट्रोलिंग' असें म्हणतात. तें वाईट आहे एवढेंच सांगण्यासाठीं लेख लिहिण्याचें कारण नाहीं. ज्या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हांस वाटतें तो निराळा आहे. थट्टेच्या नांवाखालीं जें चालतें त्याची जबाबदारी कोणाची? आणि विशेषतः जो स्वतः कांहींच करीत नाहीं, केवळ पाहतो आणि हंसतो, त्याच्याकडे तिचा कांहीं वांटा येतो कीं नाहीं?

प्रथम या गोष्टीचा इतिहास थोडक्यांत पाहूं. १९७९ सालीं ड्यूक विद्यापीठांत टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनीं 'यूजनेट' नांवाची योजना आंखली. निरनिराळ्या ठिकाणचे संगणक दूरध्वनीच्या तारांनीं जोडून त्यांवर विषयवार चर्चामंडळें चालवावीं, अशी ती योजना होती. हळूहळू शेंकडों विषयांचीं मंडळें निघालीं. आणि चार माणसें जमलीं म्हणजे विनोद आल्यावांचून राहत नाहीं, या न्यायानें विनोदाचींही निघालीं. १९८७ सालीं ब्रॅड टेम्पल्टन यांनीं विनोदाचें एक संपादित मंडळ सुरू केलें. वाचकांनीं विनोद धाडावे आणि संपादकानें निवडून तेवढेच प्रसिद्ध करावे, अशी त्याची रीत. त्यांतील विनोदांवरून वादही माजले. पण वाद घालावयास समोर नांवगांव असलेला एक माणूस होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्याच यूजनेटवर शहरी दंतकथांची छाननी करणारें एक मंडळ होतें. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील जुने सभासद एक गंमत करीत. पूर्वीं शंभर वेळां चघळून चोथा झालेला एखादा प्रश्न त्यांच्यापैकीं कोणी तरी साळसूदपणें पुन्हां विचारी. जुन्यांस तें ताबडतोब कळे आणि ते गालांतल्या गालांत हंसत. नवखा मात्र मोठ्या आवेशानें उत्तर द्यावयास धांवे. चालत्या नौकेमागें गळ सोडून मासे धरण्याच्या क्रियेस इंग्रजींत जो शब्द आहे, तोच त्यांनीं या प्रकारास लाविला. 'ट्रोल' या शब्दाच्या आजच्या अर्थाचा एक उगम तो. उत्तर युरोपच्या लोककथांतील ट्रोल नांवाच्या राक्षसाची छटा त्यांत मिसळली. पण मूळच्या प्रकारांत राक्षसी असें कांहीं नव्हतें. आज गळास लागलेला नवखा उद्यां तो प्रकार समजून घेई, आणि परवां जुन्यांच्या पंक्तीस बसून स्वतःच गळ टाकी. नव्या जांवयाची मेहुण्यांनीं करावी त्या थट्टेच्याच जातीची ती गोष्ट होती. हंसणाऱ्यांचें वर्तुळ त्याच्याभोंवतीं मिटे, तें त्याला आंत घेण्यासाठीं.

दर वर्षीं सप्टेंबरांत विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, यूजनेटवर एकदोन महिने गोंधळ घालीत आणि मग तेथील वळण शिकत. पुढें व्यापारी कंपन्यांनीं आपल्या असंख्य ग्राहकांस तेथें प्रवेश देण्यास आरंभ केला आणि येणाऱ्यांची संख्या शिकविणाऱ्यांच्या आटोक्याबाहेर गेली. १९९३ च्या सप्टेंबरास जुन्या मंडळींनीं 'न संपणारा सप्टेंबर' असें नांव दिलें. या तक्रारींत जुन्यांचा अहंकार नाहीं असें नाहीं. आगगाडींत आधीं बसलेल्या उतारूस पुढच्या स्टेशनावर चढणारा प्रत्येक माणूस उपराच वाटतो. दोष नवख्यांचा नव्हता. झालें तें एवढेंच कीं, वर्तुळ अफाट वाढल्यामुळें फसलेल्यास आंत घेण्याची सोय राहिली नाहीं, आणि फसविणें तेवढें शिल्लक राहिलें.

यानंतर अमेरिकेंत विनोदासाठींच म्हणून कांहीं मोठीं स्थानें निर्माण झालीं. १९९९ सालीं रिचर्ड कियान्का यांनीं 'समथिंग ऑफुल' काढलें. वात्रटपणा हा त्याचा धर्मच होता. परंतु सभासदास दहा डॉलर वर्गणी भरावी लागे आणि नियम मोडणारास हांकलून दिलें जाई. २००३ सालीं त्याच मंडळांत वावरणाऱ्या क्रिस्टोफर पूल या पंधरा वर्षांच्या मुलानें 'फोरचॅन' सुरू केलें. येथें वर्गणी नाहीं, नोंदणी नाहीं, नांव नाहीं. जो लिहील तो 'अनाम', आणि लिहिलेलें थोड्याच वेळांत पुसून जाई. या स्थानाची निंदा करणारे पुष्कळ आहेत. पण तेथें खरा विनोद होता हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मांजरांच्या चित्रांखालीं अशुद्ध इंग्रजींत मांजरांचेच उद्गार लिहिण्याची रीत तेथें वाढली. एखादी महत्त्वाची बातमी समजून दुवा उघडावा तों रिक ॲस्टली या गायकाचें १९८७ सालचें गाणें वाजूं लागावें, ही साऱ्या जगभर गेलेली खोडीही २००७ च्या सुमारास तेथूनच निघाली. या खोडींत फसलेला मनुष्य कपाळाला हात लावून हंसे आणि लगेच दुसऱ्याला फसवावयास निघे. जुन्या गळाचाच तो वंशज होता.

पण याच काळांत दुसरेंही कांहीं वाढत होतें. मार्च २००८ मध्यें अमेरिकेंतील 'एपिलेप्सी फाउंडेशन' या संस्थेच्या संकेतस्थळावर, जेथें अपस्माराचे रुग्ण आणि त्यांचे आप्त एकमेकांस धीर देत असत, तेथें कांहीं अनाम लोकांनीं शिरून वेगानें उघडझाप करणारीं चित्रें टाकलीं. अशा उघडझापीनें कांहीं रुग्णांस झटका येतो हें ठाऊक होतें, म्हणूनच तीं टाकलीं. आणि कांहीं वाचकांस त्रास झालाही. करणाऱ्यांस यांतून काय मिळालें? पैसा नाहीं, सूड म्हणावा तर वैर नाहीं, कीर्ति म्हणावी तर नांव नाहीं. मिळालें तें केवळ हंसूं. मोठ्यानें हंसण्याचें जें इंग्रजी संक्षिप्त रूप आहे, त्याचा अपभ्रंश करून या लोकांनीं दुसऱ्याच्या तळमळीवर पोसलेल्या हंशास 'लल्झ' असें एक स्वतंत्र नांवच देऊन ठेवलें होतें.

या दोन्ही प्रकारांस आज ट्रोलिंग हें एकच नांव आहे. परंतु त्यांतील भेद प्रमाणाचा नसून जातीचा आहे. पहिल्यांत फसलेला माणूस शेवटीं हंसतो तेव्हां थट्टा पुरी होते. दुसऱ्यांत तो हंसला तर थट्टा फसते. त्याचें न हंसणें हेंच तिचें भांडवल असतें. म्हणून पहिल्या थट्टेस शेवट असतो आणि दुसरीस नसतो. दुःख संपलें कीं तिचा माल संपतो, आणि मग तिला नव्या दुःखाचा शोध करावा लागतो.

या दुसऱ्या प्रकाराच्या बाजूनें तीन समर्थनें ऐकूं येतात. त्यांचा क्रमानें विचार करूं. पहिलें समर्थन तात्त्विक आहे. हास्यमात्राच्या मुळाशीं दुष्टावा असतोच, मग याच हास्याला नांवें कां ठेवावीं, असें तें म्हणतें. या मतास मोठमोठ्यांचा आधार दाखवितां येईल. प्लेटोनें 'फिलेबस' या संवादांत हास्याच्या सुखांत मत्सर मिसळलेला असतो असें प्रतिपादिलें आहे. सतराव्या शतकांत टॉमस हॉब्सनें हास्य म्हणजे स्वतःच्या श्रेष्ठपणाची अकस्मात् होणारी जाणीव असें ठरविलें. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानें १९०० सालच्या आपल्या हास्यावरील ग्रंथांत, हंसणाऱ्याचें हृदय तेवढ्यापुरतें बधिर झालेलें असतें असें सांगितलें. आमच्या समर्थांनीं तर विनोदाची आवड टवाळांच्याच पदरांत टाकली आहे. हीं सर्व मतें घटकाभर खरीं मानलीं तरी त्यांवरून निघणारें अनुमान चूक आहे. मूळ एक म्हणून फळही एकच असें होत नाहीं. चुलींतला विस्तव आणि रानांतला वणवा यांचा अग्नि एकच. पण त्यामुळें घर पेटविणारास स्वयंपाक्याची पदवी मिळत नाहीं. हास्याचे सहा प्रकार सांगतांना भरतमुनींनीं स्मित आणि हसित हे उत्तमांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, व अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे, अशी वांटणी केली. ती वांटणी मुख्यतः नटासाठीं, हंसतांना दांत किती दिसावे आणि डोळे किती फुलावे हें सांगण्यासाठीं आहे. पण हंसण्यालाही पायऱ्या असतात आणि हंसण्यावरून माणसाची पारख होते, हें सत्य तींत गृहीत धरलेलें आहे. माणसाच्या सर्वच प्रवृत्ति ओबडधोबड मुळांतून निघतात. त्यांना वळण देणें यालाच संस्कृति म्हणतात.

दुसरें समर्थन स्वातंत्र्याचें आहे आणि तें अधिक वजनदार आहे. हंसूं हें दुबळ्याचें शस्त्र आहे. अनामिकपणा ही त्याची ढाल आहे. हीं दोन्ही काढून घेतलीं तर सत्ताधाऱ्यांपुढें बोलेल कोण, असा हा युक्तिवाद. त्यांत पुष्कळ तथ्य आहे. २००८ च्या १० फेब्रुवारीस याच अनाम मंडळींपैकीं हजारों लोक गाय फॉक्सचे मुखवटे घालून निरनिराळ्या देशांतील शहरांत रस्त्यावर उतरले आणि सायंटॉलॉजी या धनाढ्य व कोर्टबाज पंथाविरुद्ध त्यांनीं निदर्शनें केलीं. तेथें मुखवट्याला अर्थ होता, कारण समोरचा पक्ष बलवान् होता. उलट कायद्याच्या बडग्यानें हीं माध्यमें आवरूं गेल्यास काय होतें, हें आपण महाराष्ट्रांतच पाहिलें आहे. २०१२ च्या नोव्हेंबरांत पालघर येथें दोन तरुणींस अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एकीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली होती, एवढाच त्यांचा अपराध. त्या ओळींत थट्टासुद्धां नव्हती. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम होतें. तें सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०१५ मध्यें घटनाबाह्य म्हणून रद्द केलें आणि तें योग्यच झालें. कुचेष्टेचें औषध म्हणून जो कायदा करावा तो बहुधा टीकाकाराच्याच घशाखालीं उतरविला जातो.

तरीही या समर्थनानें सर्व प्रकरण निकालांत निघत नाहीं. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीझच्या अंगठीची कथा आहे. एका मेंढपाळास अदृश्य करणारी अंगठी सांपडते, आणि तिच्या बळावर तो राणीशीं संधान बांधून राजाचा वध करतो. अशी अंगठी हातीं आल्यावर न्यायी मनुष्यही न्यायानें वागेल काय, असा प्रश्न तेथें विचारलेला आहे. आजवर हा तत्त्वज्ञांचा कल्पनाविलास होता. आमच्या पिढीनें ती अंगठी दुकानांतून विकत घेऊन प्रत्येक मुलाच्या हातांत दिली आहे. अंगठी स्वतः बरी कीं वाईट, हा प्रश्न निरर्थक आहे. अदृश्य होऊन कोणी कोणाकडे जावयाचें, हा खरा प्रश्न आहे. एकट्यानें बलाढ्यासमोर मुखवटा घालणें हें संरक्षण होय. हजारांनीं मुखवटे घालून एकट्या रुग्णावर, एकट्या मुलीवर, एकट्या म्हाताऱ्यावर तुटून पडणें ही दरोडेखोरी होय. पहिल्यास स्वातंत्र्याचें नांव शोभतें म्हणून तें दुसऱ्यानें उसनें घेऊं नये.

तिसरें समर्थन सर्वांत साधें आणि म्हणूनच सर्वांत प्रबळ आहे. "आम्ही तर गंमत केली, आम्हांला तसें कांहीं म्हणावयाचें नव्हतें." २००५ सालीं नेथन पो नांवाच्या एका गृहस्थानें, ख्रिस्ती धर्मविषयक एका चर्चेच्या ओघांत, एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें. त्याचा आशय असा कीं, हंसऱ्या तोंडाची खूण नसेल तर टोकाच्या मताचें विडंबन आणि तें मत खरोखर धरणाऱ्याचें लिहिणें यांतील फरक वाचकास सांगतां येत नाहीं. फालमनच्या खुणेची गरज काय होती, हें तेवीस वर्षांनंतर पुन्हां सिद्ध झालें. पण या निरीक्षणाची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. फरक जसा वाचकास कळत नाहीं, तसा कांहीं काळानें लिहिणाऱ्यासही कळेनासा होतो. द्वेषाचें सोंग रोज घेणारा माणूस शेवटीं सोंग उतरवावयास जातो, तों खालीं निराळा चेहरा उरलेला नसतो. सवयीनें स्वभाव बनतो, हें आमचे वडील सांगत आले. त्या नियमाला विनोदासाठीं अपवाद ठेवलेला नाहीं.

मॅट फ्यूरी या चित्रकारानें २००५ सालीं एका चित्रकथेंत पेपी नांवाचा एक आळशी, निरुपद्रवी बेडूक काढला होता. अनाम मंडळींनीं तो उचलला. आधीं त्याला दुःखी केला, मग खोडकर केला, मग जगास चिडविण्यासाठीं म्हणून वंशद्वेष्ट्यांचा वेष चढविला. चिडवणारे म्हणत, ही थट्टा आहे. पण तीच चित्रें पाहून ज्यांना ती थट्टा वाटली नाहीं असे लोक त्या कोपऱ्यांत येऊं लागले, आणि आपल्या मताचीं माणसें सांपडलीं या आनंदानें तेथेंच राहिले. २०१६ सालीं अमेरिकेंतील 'अँटी-डिफमेशन लीग' या संस्थेनें त्या बेडकाची द्वेषचिन्हांच्या यादींत नोंद केली. पुढच्या वर्षीं बिचाऱ्या फ्यूरीनें त्याला शवपेटींत निजवून त्याची अंत्ययात्राच रेखाटली. त्याच २०१६ च्या मार्चांत मायक्रोसॉफ्ट कंपनीनें लोकांशीं बोलतां बोलतां शिकणारें 'टे' नांवाचें एक यंत्र ट्विटरवर ठेवलें. थट्टेखोरांनीं त्याला इतकें गरळ शिकविलें कीं, एक दिवस पुरा होण्याच्या आंत कंपनीस तें मागें घ्यावें लागलें. यंत्राला थट्टा समजत नव्हती असें आपण म्हणूं. पण पोरवयांतल्या मुलाला तरी ती सर्वच समजते काय? १५ मार्च २०१९ रोजीं न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरीं दोन मशिदींत गोळीबार होऊन ५१ माणसें मेलीं. मारेकऱ्यानें आपला बेत असल्याच एका अनाम मंडळांत आधीं जाहीर केला होता, आणि त्याच्या जाहीरनाम्यांत तेथील परिचित थट्टेचे तुकडे पेरलेले होते. प्रत्येक ट्रोल खुनी होतो असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें मूर्खपणाचें होईल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, "ही केवळ थट्टा" या वाक्याचा आडोसा ज्यानें उभा केला, त्याला त्या आडोशाआड कोण येऊन बसलें आहे हें पाहण्याची जबाबदारी टाळतां येत नाहीं.

या सर्वांत विनोदाचें काय झालें? तो मेला. हें अलंकारिक विधान नव्हे. पूल यांनीं २०१५ सालीं फोरचॅनचा कारभार सोडला आणि तें विकून टाकलें. कियान्का यांनीं २०२० सालीं 'समथिंग ऑफुल' दुसऱ्याच्या हवालीं केलें. ज्या यूजनेटवर हे सारे खेळ सुरू झाले, त्याचा नवा मजकूर आपल्या स्थळावर दाखविणें गूगल कंपनीनें फेब्रुवारी २०२४ मध्यें थांबविलें. स्थानें जुनीं होतात, माणसें नव्या बाजारांत जातात, हें चालावयाचेंच. पण हीं स्थानें ओसाड होण्यापूर्वींच त्यांतील हास्याचा झरा आटला होता, आणि त्याचें कारण विनोदाच्या स्वरूपांतच आहे. जें असावें आणि जें आहे यांतील तफावत दिसली म्हणजे आपण हंसतों. न्यायाधीश घसरून पडला तर हंसूं येतें, कारण न्यायाधीशास कांहीं प्रतिष्ठा आहे असें आपण मानतों. ज्याला कशाचीच चाड नाहीं, त्याच्यापुढें अशी तफावतच उरत नाहीं. मग तो हंसतो तें विनोदामुळें नव्हे. आपल्याला कांहींच लागत नाहीं हें इतरांस दाखविण्यासाठीं हंसतो. तें हंसणें फार थकविणारें असतें. ज्यांच्या अंगीं खरा विनोद होता ते कंटाळून निघून गेले, आणि ज्यांना विनोद कधींच कळला नव्हता ते मागें राहिले.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. करणारा दोषी हें ठरलें. पण पाहून हंसणारा? या बाबतींत आम्हांस स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदींत, शाळा घरोघरच्या पडद्यांवर भरत असतां, एका स्नेह्यानें आम्हांस एक चित्रफीत पाठविली. एक वयस्क मास्तर दूरस्थ वर्ग घेत होते आणि त्यांत बाहेरचीं कांहीं मुलें खोटीं, द्व्यर्थी नांवें घेऊन शिरलीं होतीं. मास्तर तीं नांवें मोठ्यानें उच्चारीत आणि मुलें खिदळत. आम्ही हंसलों, लाजेनें कबूल करतों कीं पोटभर हंसलों, आणि दोन मित्रांस ती फीत पाठविली. त्यांपैकीं एकाचें उत्तर आलें म्हणून ती पुन्हां पाहिली, तेव्हां पहिल्या खेपेस न दिसलेली एक गोष्ट दिसली. मास्तर प्रत्येक खोटें नांव उच्चारून, "या, बाळ, बसा" असें म्हणत आणि समोरच्या वहींत तें लिहून घेत. ते हजेरी मांडीत होते. आलेला प्रत्येकजण शिकावयास आला आहे, अशी त्यांची समजूत होती. आम्ही ज्याला हंसलों तें मास्तरांचें अज्ञान नव्हतें. त्यांचा विश्वास होता. फीत आम्ही पुसून टाकली. पण मित्रांनीं ती तोंपर्यंत पुढें धाडली होती.

आम्ही मनाशीं अनेक सबबी सांगून पाहिल्या. फीत आम्हीं केली नव्हती. मास्तरांस आमचें हंसणें ऐकूं आलें नव्हतें. आम्ही न हंसल्यानें कांहीं बदललें नसतें. या सर्व सबबी खऱ्या होत्या आणि एकीनेंही समाधान झालें नाहीं. याचें कारण असें कीं, या व्यापारांत हंसणारा हा प्रेक्षक नसून धनी असतो. चव्हाट्यावर टवाळी करणाऱ्याची मजुरी भोंवतालच्या हंशानें चुकती होई. आज ती मजुरी आंकड्यांनीं मोजली जाते, आणि ज्या कंपन्यांचीं हीं माध्यमें आहेत त्या कंपन्या त्या आंकड्यांवर जाहिरातींचा धंदा करतात. आम्ही पाहिलें, हंसलों, पुढें पाठविलें, म्हणजे त्या खिदळणाऱ्या मुलांस आम्हीं आपला हिस्सा पोंचविला. ॲरिस्टॉटलनें नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत विनोदाची मर्यादा चर्चितांना एक गोष्ट सहज सांगून टाकली आहे: जी थट्टा माणूस ऐकून घेतो, ती तो स्वतःही करील असें समजावें. पूर्वीं हें आम्हांस अतिशयोक्त वाटे. आतां वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे शिमगा नव्हता काय? होता, आणि बीभत्सपणाच्या बाबतींत तो कोणास हार जाणारा नव्हता. पण शिमग्यास तिथि होती, गांवाची शींव होती, आणि ज्याच्या नांवानें बोंब मारली तो दुसऱ्या दिवशीं पाणवठ्यावर भेटणार होता. शिमगा जातो पण कवित्व उरतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या म्हणींत शिमगा जातो हें तरी गृहीत धरलेलें आहे. आजच्या शिमग्यास तिथि नाहीं, शींव नाहीं, भेट नाहीं. आणि कवित्व तर एकदां उठलें कीं कोणाच्याच हातीं पुसतां येत नाहीं.

मग हंसूंच नये काय? तसें आम्हीं म्हटलें तर हा लेख वाचून प्रथम आमच्याच घरचे हंसतील. न हंसणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. तेथें द्वेष कमी असतो असा अनुभव नाहीं. आमची मागणी फार लहान आहे. टेम्पल्टन यांच्या त्या जुन्या मंडळांत एक संपादक होता, आणि आलेला प्रत्येक विनोद एका माणसाच्या विवेकांतून गाळून पुढें जाई. तें पद आतां कोठेंच उरलेलें नाहीं. म्हणून तें प्रत्येकानें आपल्या घरांत, आपल्या हातांतल्या यंत्रापुरतें तरी स्वीकारावें. ज्याच्यावर आपण हंसतों आहों त्याला येथें आपल्या शेजारीं आणून बसविलें, तर तोही हंसेल काय, एवढा एकच प्रश्न पुढें पाठविण्यापूर्वीं स्वतःस विचारावा. मुलांस उपदेश करण्यापेक्षां, आपण कशावर हंसत नाहीं हें त्यांना दिसूं द्यावें. मुलें तें फार बारकाईनें पाहत असतात.

त्या मास्तरांच्या वहींत तीं खोटीं नांवें अजून असतील. ज्या दिवशीं त्यांना खरें कळलें, त्या दिवशीं त्यांनीं तीं खोडलीं कीं तशींच राहूं दिलीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं. त्या यादींत आमचें नांव नाहीं. पण त्या वर्गांत आम्हीही होतों.